खो द्यायचा गडी

आईचे पाय दुसऱ्यांदा गोठल्याची बातमी मला आईने नाही, तिच्या पाठीने दिली. मिरजेच्या प्रयोगशाळेत माझ्या पडद्यावर एक लाल ओळ उमटली : सेतू हाताने बंद करून पुन्हा सुरू केला. मी जागच्या जागी फोन लावला.

"आई, पडलीस?"

"पडले कुठं? बसले होते."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगणारच होते की गं. तुझं काम उरकलं की. काही घाईचं नव्हतं."

काही घाईचं नाही, हे माझ्या आईचं लाडकं वाक्य. सुमित्रा घोरपडे, म्हणजे विट्याच्या मुलींच्या शाळेतल्या खो-खोच्या बाई. मैदानावर तिची शिटी वाजली की रस्त्यावरच्या म्हशीसुद्धा थांबत. पण हीच बाई स्वतःसाठी काही मागायची वेळ आली की आवाज खाली आणायची. चष्मा फुटला तरी घाईचं नाही आणि दाढ ठणकली तरी तुझ्या सवडीने. असं मागितलं की काय होतं, हे तुम्हीही आपापल्या घरात पाहिलं असेल. मागणी रांगेत मागे मागे सरकते आणि शेवटी झोपी जाते.

उसाच्या ट्रॉलीला चुकवताना तिची स्कूटी घसरली आणि कमरेच्या वर मज्जारज्जू चेचला गेला. पाय गेले. दोन वर्षं ती खुर्चीत होती. मग आमच्या प्रयोगशाळेने सेतू तयार केला आणि पहिल्या काही माणसांत आईचा नंबर लागला.

सेतू म्हणजे नाण्याएवढं यंत्र. ते कातडीखाली, चेचलेल्या जागेला वळसा घालून बसवतात. मेंदूचा हुकूम ते खाली पायांकडे नेतं आणि तळव्यांना काय लागलं ते वर मेंदूकडे आणतं. ऐकायला सोपं वाटतं. घोडं अडतं ते उष्णतेपाशी. शरीराच्या आत यंत्र जरासं जरी तापलं तरी आजूबाजूच्या पेशी करपतात. म्हणून त्यात सगळं चिमूटभरच घालावं लागतं, वीजही आणि मेमरीही. घराघरातल्या दारावरच्या घंटीलासुद्धा आल्यागेल्याचे चेहरे आठवतात अशा दिवसांत, माझ्या आईच्या पायांना मात्र माझ्या आजोबांच्या काळातल्या साध्या फोनइतकी मेमरी होती.

ही चिमूट कोणाला किती द्यायची हे ठरवतो कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. मी या कर्नलची माणूस. लग्नाकार्यात कोणी विचारलं तर मी 'कॉम्प्युटरमध्ये आहे' एवढंच सांगून जिलेबीकडे वळते, कारण खरं सांगायला लागलं की समोरचा वळतो. पण इथे सांगायलाच हवं. सेतूत अनेक छोटे प्रोग्रॅम असतात. एक गुडघा सांभाळतो, एक तोल, एक तळव्याचा स्पर्श. प्रत्येकाला क्षणाक्षणाला थोडी मेमरी लागते आणि ती मागताना मागणीवर एक खूण लावावी लागते. तिला आम्ही फ्लॅग म्हणतो. एक फ्लॅग म्हणतो, 'मी थांबू शकतो.' अशाला कर्नल झोपवतो, इकडची तिकडची जागा झाडून रिकामी करतो आणि मग उठवून देतो. दुसरा म्हणतो, 'मी थांबू शकत नाही.' त्याला कर्नल गरज पडली तर राखीव साठ्यातून देतो, कारण पाऊल अर्धं हवेत असताना गुडघ्याला रांगेत उभं करता येत नाही.

थोडक्यात, कोण किती थांबू शकतो यावर आई चालत होती. आणि दोनदा ती चालता चालता नाही, तर घरच्या घरी कुठेतरी गोठली होती. पाय लाकडासारखे झाले होते. गळ्यातल्या शिटीच्या दोरीलाच तिने एक चुंबक बांधून ठेवलं होतं. पाठीवर बाहेरून चिकटवलेली, नोंदी मिरजेला धाडणारी सेतूची चकती असते, तिला ते लावलं की सेतू नव्याने सुरू व्हायचा. तेवढ्यावर निभावलं होतं.

सुरक्षा समितीचे अध्यक्ष डॉक्टर शिरगुप्पे सज्जन माणूस, पण वाकायला तयार नव्हते. "शलाका, तुझ्या आईचे पाय जिन्यावर गोठले तर? महिनाअखेरपर्यंत कारण शोधा आणि माझ्या डोळ्यांसमोर सिद्ध करून दाखवा. नाही जमलं तर सेतू काढायचा."

पडद्यावर विट्याहून आई बसली होती. ती म्हणाली, "काढा की डॉक्टर. माझं काही अडत नाही. दोन वर्षं बसलेच होते की."

मला असा राग आला! डॉक्टरांचा नाही, तिचा. आम्ही तिच्या पायांसाठी भांडतोय आणि ही बाई ते पाय चहाच्या रिकाम्या कपासारखे परत द्यायला निघाली होती.

कारण शोधणं सोपं नव्हतं. आईला आम्ही मिरजेला आणून चालवलं, जिने चढवले, खुर्चीत बसवलं, उठवलं. सेतू गुणी बाळासारखा वागला. गोठायचा तो फक्त विट्यात. बरं, गोठल्यावर त्याच्या नोंदी तपासाव्यात, तर शेवटच्या क्षणांची पाटी कोरी. यंत्र बंद पडलं तर एक राखणदार प्रोग्रॅम त्याला आपोआप उठवतो. पण राखणदाराच्या मते काहीच बंद पडलं नव्हतं. सगळे प्रोग्रॅम जिवंत होते आणि नियमाने झोपलेले होते. कोणाची तरी वाट बघत.

माझा सहकारी इक्बाल मुजावर म्हणाला, "कुणीतरी थांबतंय म्हणूनच अडतंय ना? मग थांबायचंच नाही. सगळ्यांना तातडीचा फ्लॅग लावून टाकू."

मला पटत नव्हतं, पण महिना सरत चालला होता. गुडघ्याला तातडी होतीच. ती आम्ही घोट्याला दिली, स्पर्शाला दिली. मग ज्याने त्याने आपापल्या प्रोग्रॅमसाठी भांडून घेतली. अंगठ्याचं नख सांभाळणारा प्रोग्रॅम असता तर त्यालाही मिळाली असती. परिणाम काय व्हायचा? राखीव साठा घटकाभरात फस्त. आई प्रयोगशाळेत दोन पावलं चालली आणि तिचे पाय लटलट कापायला लागले. गोठणं परवडलं, असं ते दृश्य होतं.

इक्बालने कपाळाला हात लावला. "सरकारी फायलींसारखं झालं बघ. आधी 'तातडीचे', मग 'अत्यंत तातडीचे'. सगळ्याच फायली लाल झाल्या की लालला कुत्रं विचारत नाही."

सगळे फ्लॅग पूर्ववत केले. आई टॉवेलने घाम पुसत म्हणाली, "राहू दे गं. किती तो जीव काढशील? माझं काय घाईचं आहे?"

"आई, हे वाक्य परत म्हणालीस तर मी तुला इथेच ठेवून घेईन," मी म्हणाले. ती हसली. मला हसू आलं नाही.

त्या रविवारी मी न कळवता विट्याला गेले. सोबत एक वाचक-पट्टी घेतली होती. ती पाठीवर चिकटवली की सेतूला न विचारता, बाहेरूनच त्याची मेमरी वाचता येते. प्रयोगशाळेत ती कायम लावलेली असायची, पण तिथे सेतू गोठतच नव्हता. म्हटलं, आता पट्टीलाच विट्याला नेऊ.

दुपारची वेळ होती. दार उघडं होतं आणि आई खाली नव्हती. मी गच्चीवर गेले, तर बाईसाहेब घाईघाईने हात झटकत उभ्या. बोटांची टोकं पांढरी होती.

"हे काय गं?"

"आलीस होय? कळवायचं तरी. रांगोळी काढत होते."

आता, माझ्या आईने जन्मात रांगोळी काढलेली नाही. दिवाळीत आमच्या दारात शेजारच्या काकू येऊन काढून जात, आणि आई म्हणे, एवढ्या वेळात मैदानाला चार फेऱ्या झाल्या असत्या. मी तिच्या मागे पाहिलं. गच्चीवर मैदान आखायच्या फक्कीने दोन लांब रेघा मारल्या होत्या आणि त्यांच्या मधोमध एक चौकोन. खो-खोच्या पाटीतला चौकोन, जिथे गडी बसतो तो.

"आई, तू उकिडवी बसत होतीस?"

ती पायाने फक्कीची रेघ सारखी करू लागली.

"डॉक्टरांनी उकिडवं बसायला बंदी केलीय ना?"

"मग चोरून नाही तर काय दवंडी पिटून बसू?" ती एकदम उसळली. "दोन वर्षं खुर्चीत बसले शलाका. ते बसणं नव्हे, ते ठेवणं. हे बसणं! बोटं जमिनीला, भार चवड्यावर, कान मागं. उठायसाठी बसायचं असतं. तुमच्या त्या मिरजेत मला कुणी असं बसवलंच नाही."

खरंच होतं. आमच्या चाचण्यांच्या यादीत चालणं, उभं राहणं, जिने, खुर्ची, पलंग सगळं होतं. खो-खोतल्या गड्यासारखं चवड्यावर तोलून, आत्ता उठायचंय अशा तयारीने बसणं कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. ज्या देशात निम्मी माणसं अजून उकिडवी बसतात, तिथे हे सुचू नये म्हणजे कमाल झाली. आणि आई सांगत नव्हती, कारण सांगितलं तर चौकोन पुसला गेला असता.

"दोन्ही वेळा इथेच गोठलीस?"

"हं."

"मग आत्ता पुन्हा बस. माझ्यासमोर."

तिच्या पाठीवर पट्टी लावली. मी तिच्या मागे गुडघे टेकून, तिला धरायच्या तयारीत बसले आणि लॅपटॉप पुढ्यात ठेवला. आई चौकोनात उतरली. बोटांची टोकं फक्कीला टेकली. तिची पाठ अशी ताणली गेली की मला माझी लहानपणीची आई दिसली. आणि पडद्यावर रिकाम्या मेमरीची रेघ भराभर खाली येऊ लागली.

सगळा भार चवड्यांवर होता. स्नायू ताणलेले होते आणि तोल केसाएवढा इकडे तिकडे होत होता. तळवे असा काही ओरडा करत होते की स्पर्शाच्या नोंदींचा ढीग साचत चालला होता. हा ढीग हलवायला सेतूत एक पोचवणारा प्रोग्रॅम असतो. साचलेल्या नोंदी तो पाठीवरच्या चकतीत नेऊन टाकतो, म्हणजे आतली जागा मोकळी होते. मेमरी संपत आली तशी कर्नलने त्याला हाक मारली : बाबा रे, ढीग हलव, जागा कर. तो उठला. नोंदी बांधून न्यायला त्याला स्वतःला थोडी मेमरी हवी होती. त्याने ती मागितली आणि सभ्यपणे खूण लावली : 'मी थांबू शकतो.'

कर्नलने त्याला झोपवलं. जागा मोकळी झाली की उठव म्हणून. आणि जागा मोकळी करणारा तोच होता!

राखीव साठाही आटला. गुडघा झोपला, घोटा झोपला, तोल झोपला. सगळे त्याची वाट बघत आणि तो स्वतःची वाट बघत. नोंदी पोचवणाराच झोपल्यावर पाटी कोरी राहणार नाही तर काय होणार? घराची किल्ली घरातच ठेवून दार ओढून घ्यावं, तसं झालं होतं. आईचे पाय माझ्या हातांत लाकूड झाले आणि मी आनंदाने किंचाळले.

"अगं माझे पाय गेलेत आणि तू नाचतेस काय?"

"सापडलं आई! सापडलं!"

चुंबक लावून पाय परत आणले आणि तिथेच फक्कीत फतकल मारून मी तिला सगळं सांगितलं. ती शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "म्हणजे खो द्यायचा गडीच खाली बसला म्हण की."

"अगदी तसंच."

"मग बाकीचे आठ जन्मभर बसून राहतील. कुणाचा काय दोष नाही त्यात. सगळे नियमानंच बसलेत."

मी तिच्याकडे पाहत राहिले. सेतू काढा म्हणणारी, दोन वर्षं खुर्चीत बसलेली, फोनची वाट बघत बसणारी.

"आई, आता एक खरं सांग. हे पाय तुला हवेत की नकोत? घाईचं नाही म्हणू नकोस. मी ते ऐकणार नाही."

तिने बोटांवरची फक्की साडीला पुसली, जे ती आम्हाला कधी करू देत नसे.

"हवेत," ती म्हणाली. मग तिचा आवाज वाढला, मैदानावरचा झाला. "हवेत गं! आणि आत्ता हवेत. मला परत कुणाच्या खुर्चीत बसायचं नाही. मला पाटीत बसायचंय, खो घ्यायचाय, आणि उठायचंय. बास झालं थांबणं!"

उभ्या जन्मात तिने माझ्याकडे असं काही मागितलं नव्हतं. मी तिला मिठी मारली. दोघी पांढऱ्या झालो.

दुरुस्ती म्हणाल तर एका ओळीची होती. थांबतो आणि थांबत नाही यांच्या मध्ये तिसरा एक फ्लॅग असतो. तो म्हणतो, 'मला द्या, पण माझ्यासाठी जागा करायला माझ्याच दारावर जाऊ नका. त्या दारात मीच उभा आहे.' पोचवणाऱ्याला हा फ्लॅग लावला आणि राखीव साठ्यातली एक चिमूट फक्त त्याच्या नावाने बाजूला काढली. बाकी कोणी तिला हात लावायचा नाही, गुडघ्यानेही नाही. इक्बालने ओळ वाचली, पुन्हा वाचली आणि म्हणाला, "एवढंच? एवढ्यासाठी आपण महिनाभर डोकं फोडलं?" मग त्याने सगळ्या प्रयोगशाळेला चहा आणि भडंग मागवलं.

चाचणी कुठे घ्यायची यावर आईने समितीला उत्तर दिलं. विट्याला, शाळेच्या मैदानावर, सकाळच्या उन्हात. डॉक्टर शिरगुप्पे वाचक-पट्टी आणि पडदा घेऊन आले. पाटी ताजी आखलेली होती, दोन्ही टोकांना खांब होते. आठ चौकोनांपैकी सातांत शाळेच्या मुली बसल्या, एकीचं तोंड इकडे, दुसरीचं तिकडे. आठवा चौकोन रिकामा होता. पळणाऱ्या गड्यांत आणखी दोन मुलींसोबत इक्बालला धरून आणलं होतं. पाठलागाला मी. लहानपणी मला आईने संघात कधी घेतलं नव्हतं, कारण मी बसल्या जागी चुळबुळ करायचे आणि खो मिळायच्या आधीच उठायचे. 'थांबता येत नाही त्याला खो-खो येत नाही,' असं सांगून तिने पोटच्या पोरीला बाहेर काढलं होतं.

आई चालत चौकोनापर्यंत आली. तिने गळ्यातली दोरी काढली, शिटी आणि चुंबक दोन्हींसकट, आणि डॉक्टरांच्या हातात दिली.

"बाई, चुंबक जवळ असू द्या," ते म्हणाले.

"धरा तुम्ही. मला लागणार नाही."

ती बसली. डॉक्टर पडद्याकडे बघत होते आणि मी दूरच्या खांबापाशी उभी राहून डॉक्टरांकडे. रेघ खाली येत असणार, हे मला त्यांच्या भुवयांवरून कळत होतं.

"बाई, अजून थोडं बसा," डॉक्टर म्हणाले.

"बसलेय," आई म्हणाली.

मैदानावरची कुजबुज थांबली. डॉक्टरांचा हात वर गेला. रेघ तळाला टेकली होती. माझी पाचावर धारण बसली. एक ओळ, एक फ्लॅग, एक चिमूट, आणि त्यावर माझी आई चवड्यांवर तोललेली. हीच ती जागा, जिथे दोनदा सगळे झोपले होते.

मग डॉक्टरांच्या भुवया वर चढल्या आणि त्यांनी मान हलवली. हळूच, मग जोरजोरात. रेघ तळावरून उठली होती! पोचवणारा आपली चिमूट घेऊन पळाला होता, ढीग हलला होता आणि सगळ्यांना जागा मिळाली होती.

"शलाका!" आई ओरडली. मान न वळवता, समोर बघत. "काय बघत बसलीस? पळ!"

मी पळाले. वजन वाढलेलं होतं, धाप लागत होती, मुली खिदळत होत्या. इक्बाल पुढे पळत पाटीच्या दुसऱ्या बाजूला घुसला. मला मध्यरेषा ओलांडता येत नव्हती. आई त्याच बाजूला तोंड करून बसली होती. मी तिच्या मागे पोचले. तिची पाठ, पांढरी पडलेली बोटं, ताणलेल्या टाचा. पाठीवर तळहात टेकवला आणि बेंबीच्या देठापासून ओरडले, "खो!"

आई उठली.

उठली म्हणजे सुटलीच. पहिलं पाऊल जरा तिरकं पडलं, पण दुसऱ्यात तोल आला आणि तिसऱ्यात तिचा हात लांब झाला. इक्बालला वाटलं होतं की बाई दोन पावलं टाकतील आणि लोक टाळ्या वाजवतील. तो अर्धवट वळून बघत होता. त्याच्या पाठीत आईचा असा धपाटा बसला की तो फक्कीत लोळला.

डॉक्टर शिरगुप्पे हातातल्या दोरीकडे क्षणभर बघत राहिले. मग त्यांनी शिटी तोंडाला लावली आणि गाल फुगवून लांबलचक फुंकली.

"गडी बाद!" ते ओरडले. "आणि सेतू राहणार!"

मुली बसल्या जागेवरून उठून धावणार होत्या. आईने हात वर केला आणि त्या पुन्हा खाली बसल्या. मी मात्र डोळे पुसत तिच्याकडे निघाले होते.

"ए शलाका! कुठं चाललीस? डाव संपलाय का?" आई खांबाकडे पळता पळता गरजली. "खो दिलास ना? मग माझ्या जागेवर बस. नियम आहे!"

मी तिच्या रिकाम्या चौकोनात उकिडवी बसले. बोटं फक्कीला टेकवली, भार चवड्यांवर घेतला. गुडघे कुरकुरले. समोर माझी आई खांबाला वळसा घालत होती, पदर खोचलेला, दुसऱ्या गड्याच्या मागावर. ती माझ्यापर्यंत कधी येईल ते माहीत नव्हतं. मला काही घाई नव्हती. मी थांबू शकत होते.